मांजर हरवलं, तर आधी जवळ शोधा

घरातच वाढलेलं मांजर उघड्या दारातून निसटलं आणि तासाभरात दिसलं नाही, की बहुतेक घरांतली माणसं रस्त्यावर धावतात. एक जण स्कूटर काढून कॉलनीला फेऱ्या मारतो, दुसरी चौकापर्यंत हाका मारत जाते, तिसरं कुणी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतं. मांजर मात्र त्या वेळी बहुधा खालच्याच मजल्यावर कुणाच्या तरी चपलांच्या रॅकमागे अंग चोरून बसलेलं असतं. जिन्यातून वर-खाली धावणारी माणसं त्याच्या दोन हातांवरून गेलेली असतात. म्हणून पहिली विनंती ही, की स्कूटरची किल्ली ठेवा आणि टॉर्च घ्या.

या विनंतीला आधार आहे. २०१८ साली ‘ॲनिमल्स’ या शोधपत्रिकेत १,२१० हरवलेल्या मांजरांची पाहणी प्रसिद्ध झाली. माहिती ती पाळणाऱ्यांनीच दिली होती. वर्षभरात ६१ टक्के मांजरं सापडली होती आणि सुमारे एक तृतीयांश पहिल्या सात दिवसांतच जिवंत मिळाली होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. ज्यांनी स्वतः हिंडून, वाकून, कोपरे धुंडाळून शोध घेतला, त्यांना मांजर जिवंत मिळण्याची शक्यता जास्त दिसली. शिवाय ५०० मीटर हा आकडा बाहेर हिंडायची सवय असलेल्या मांजरांनाही धरून आहे. ज्याने कधी उंबरा ओलांडलेला नाही, ते मांजर सहसा लांब जात नाही. समोर दिसेल त्या पहिल्या आडोशाला शिरतं आणि तिथेच थिजतं.

ओ देत नाही म्हणजे तिथे नाही, असं नव्हे

शोध फसतो तो बहुतेक वेळा याच एका समजुतीमुळे. आपण पार्किंगमध्ये उभं राहून पाच-सहा हाका मारतो, काही हालचाल होत नाही, आणि ‘इथे नाहीये’ म्हणून पुढे जातो. घरात हाकेसरशी धावत येणारं मांजर इथे असतं तर आलंच असतं, असं आपल्याला वाटतं.

मांजर शिकारी आहे, तसंच ते कुत्र्यांचं भक्ष्यही होऊ शकतं. परक्या जागी, परक्या वासांमध्ये तोंड उघडणं म्हणजे आपला ठावठिकाणा जाहीर करणं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. जखमी मांजर तर आणखीच गप्प राहतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ साली वीस पाळीव मांजरांना त्यांच्याच घरी, पाळणाऱ्याच्या आणि परक्या माणसांच्या हाका ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या. मांजरांनी आपल्या माणसाचा आवाज ओळखला. मात्र प्रतिसाद होता तो कान टवकारण्याचा, मान वळवण्याचा. ओरडून किंवा जवळ येऊन त्यांनी उत्तर दिलं नाही. निवांत घरात ही गत, तर डक्टच्या कोपऱ्यात दोन दिवस उपाशी बसलेल्या मांजराकडून ‘म्यांव’ची अपेक्षा कशी धरायची?

तेव्हा हाक जरूर मारा. रोजच्या सुरात, रोजच्या लाडाच्या नावाने, जेवणाचा डबा खुळखुळवत मारा. ओरडून, रडून मारू नका, कारण तुमच्या आवाजातली भीती त्याला कळते. पण हाकेवर विसंबू नका. एखादी जागा ‘बघून झाली’ असं तेव्हाच म्हणा, जेव्हा तिथल्या प्रत्येक फटीत तुमच्या टॉर्चचा उजेड पोचलेला असेल.

इमारतीत कुठे कुठे बघायचं

सुरुवात घरातूनच करा. बाहेर गेलं असं वाटलेली कितीतरी मांजरं घरातच सापडतात. दिवाणाच्या आतल्या कप्प्यात, वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये आणि मशीनमागे, फ्रिजच्या तळाशी, गाद्यांच्या घडीत, माळ्यावरच्या पिंपांमागे, ओट्याखालच्या सिलिंडरजवळ बघा. फाटलेल्या सोफ्याच्या पोटात हात घालून बघा. फॉल्स सीलिंगचा एखादा तुकडा सरकलेला असेल, तर तिथून वर चढलेलं मांजर खाली उतरायला घाबरतं. बंद कपाटं उघडा, मग ती तुम्ही आठवडाभर उघडलेली नसली तरीही. मांजर आत शिरताना ती उघडी होती की नव्हती, याबद्दलच्या आपल्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नये.

मग दाराबाहेर. तुमच्या मजल्यावरचे सगळे कोपरे, कुंड्या, चपलांचे रॅक, शेजाऱ्यांची बाहेर ठेवलेली सायकल, इलेक्ट्रिकच्या डक्टचं अर्धवट लागलेलं दार. पुष्कळ मांजरं जिन्याने वर जातात, म्हणून गच्ची विसरू नका. पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या सापटी, लिफ्टची मशीनरूम, सोलर पॅनेलखालची सावली आणि वर टाकून दिलेलं लाकूडसामान बघा. गच्चीला दिवसा कुलूप असेल, तर ते नेमकं केव्हा लागलं आणि मांजर केव्हा निसटलं याचा ताळा करा.

खाली आलात की मीटररूम, पंपरूम, जनरेटरचं खोकं, कचऱ्याच्या डब्यांमागची जागा आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण बघा. दोन इमारतींमधली ती चिंचोळी बोळही सोडू नका, जिथे कुणीच जात नाही. बाथरूमच्या पाइपांचा उभा डक्ट हा मोठा सापळा असतो. वरून पडलेलं किंवा खालून शिरलेलं मांजर तिथे आठवडाभर अडकून राहू शकतं. त्याचं तळमजल्यावरचं दार सहसा प्लंबरखेरीज कुणी उघडत नाही, ते उघडायला लावा. लिफ्टच्या खड्ड्यात स्वतः मात्र उतरू नका. लिफ्टच्या देखभालीचा माणूस बोलवा.

गाड्यांचा भाग वेगळा सांगायला हवा. पावसाळ्यात आणि थंडीत मांजरं इंजिनाच्या उबेला बॉनेटमध्ये शिरतात. सोसायटीच्या ग्रुपवर पहिला संदेश फोटोचा नको, हा हवा: ‘उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारा आणि खाली वाकून बघा.’ याच धाग्याने आणखी एक चौकशी करा. मांजर निसटलं त्या दिवशी कुणाच्या घरी सामान हलवणारा टेम्पो आला होता, कुणाचं फर्निचर उतरलं, कोण गाडी घेऊन गावाला गेलं? मांजर आपल्या पायांनी लांब जात नाही, पण चाकांवर बसून जाऊ शकतं.

मांजर बाल्कनीतून पडल्याची शंका असेल, तर तिच्या बरोब्बर खाली आणि तिथून दोन्ही बाजूंना जी झुडपं, छज्जे, पत्रे, गटाराच्या जाळ्या असतील तिथे ताबडतोब बघा. उंचावरून पडलेलं मांजर मेलंच असणार, असं धरून चालू नका. न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयात आणलेल्या अशा १३२ मांजरांची नोंद १९८७ साली प्रसिद्ध झाली होती. त्यांतली जवळपास ९० टक्के वाचली. पण वरून धडधाकट दिसणाऱ्या मांजराच्या छातीला, जबड्याला, टाळूला मार लागलेला असू शकतो. सापडलं की त्याला घरी नेऊन दूध पाजत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

शेजाऱ्यांचं ‘बघितलं, नाहीये’

माणसं चांगली असतात, मदतही करतात. तरी दुसऱ्याचं मांजर शोधायला कुणी स्वतःच्या पलंगाखाली पालथं पडत नाही. दारातून एक नजर टाकून ते मनापासून ‘नाहीये हो’ म्हणतात. म्हणून परवानगी मागा ती स्वतः बघण्याची. ‘काकू, तुमच्या मागच्या बाल्कनीत मी एकदा डोकावू का? सामान काही हलवणार नाही, फक्त टॉर्च मारते.’ अशा बोलण्याला नकार क्वचित मिळतो.

बंद घरं, बंद गाळे आणि गोदामं यांच्याकडे विशेष लक्ष द्या. शटर संध्याकाळी खाली येतं आणि रविवारनंतर सोमवारीच उघडतं, तोवर मांजर आत. कुणी सुट्टीला गावी गेलं असेल तर त्यांना फोन करून किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. रंगकाम किंवा दुरुस्ती चाललेला फ्लॅट असेल तर तो आधी बघा, कारण तिथे दिवसभर दार उघडं असतं आणि लपायला पोती, फळ्या, सगळं असतं.

खरी माहिती ज्यांच्याकडे असते त्यांना बहुतेक लोक सगळ्यात शेवटी विचारतात. रात्रपाळीचे वॉचमनकाका, पहाटे दूध आणि पेपर टाकणारी मुलं, झाडू मारणाऱ्या मावशी, कचरा गोळा करणारे दादा, मासळीवाल्या मावशी ही इमारतीचा तळमजला रोज पाहणारी माणसं आहेत. आणि जवळपास प्रत्येक वस्तीत रात्री भटक्या मांजरांना खाऊ घालणारी एखादी बाई किंवा आजोबा असतातच. त्यांना शोधून काढा. त्यांच्या रोजच्या ‘पंगतीत’ नवं तोंड दिसलं, तर त्यांना ते पहिल्याच रात्री कळतं.

मुलांना सांगावं का? सांगावं, पण बजावून. मुलांची नजर तीक्ष्ण असते आणि ती वाकतातही. मात्र मांजर दिसल्यावर दहा जणांनी मिळून ते पकडायला धावणं, हे त्याला तिथून खरोखर लांब पळवण्याचा हमखास मार्ग आहे. ‘दिसलं की हात लावायचा नाही, एकाने लांबून लक्ष ठेवायचं, दुसऱ्याने मला बोलवायचं’ असं स्पष्ट सांगा.

रात्रीचे दोन ते चार

दिवसभर शोधून काही मिळालं नाही, तर निराश होऊ नका. शोधाची खरी वेळ अजून यायची असते. वर्दळ थांबते, कुत्री पेंगतात, आणि लपलेलं मांजर अंग मोकळं करायला आडोशाच्या तोंडाशी येतं. रात्री दोन ते पहाटे चार ही वेळ मला सगळ्यांत भरवशाची वाटते. दिवाळीत फटाक्यांना किंवा विसर्जनाच्या ढोलताशांना घाबरून पळालेल्या मांजरांच्या बाबतीत तर आवाज पूर्ण थांबेपर्यंत ती सापडणं अवघडच असतं. एकट्याने जाऊ नका, वॉचमनला आधी कल्पना द्या आणि शेजारच्या इमारतीत शिरायचं असेल तर तिथल्यांनाही. मध्यरात्री टॉर्च घेऊन गाड्यांखाली वाकणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघणारच.

टॉर्च कमरेशी धरू नका. डोळ्यांच्या रेषेत, कानशिलाजवळ धरा. मांजराच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. उजेड तुमच्या नजरेच्याच दिशेने गेला, तर तो परतून तुमच्याच डोळ्यांत येतो आणि अंधारात दोन हिरवट-पिवळे ठिपके चमकतात. काळं मांजर अंधारात असंच सापडतं. गाड्यांच्या रांगेपाशी जमिनीला गाल टेकवून एकदा उजेड फिरवला, तर एका नजरेत सगळ्या गाड्यांखालचं दिसतं. मध्येच थांबून पाच मिनिटं नुसतं बसून राहा. मांजर चालणाऱ्या माणसाला टाळतं, बसलेल्या माणसाकडे बघत राहतं.

वासाचाही उपयोग करा. सुकट, जवळा किंवा बोंबील तव्यावर कोरडेच भाजून जिथून मांजर निसटलं त्या दाराशी ठेवा. तो वास किती दूर जातो हे चाळीत राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. खारवलेली मासळी फक्त वासापुरती ठेवा. खायला द्यायचं ते त्याचं रोजचं खाणं किंवा बिनमिठाचा उकडलेला मासा. घरात मासळी चालत नसेल तर मांजरांच्या ओल्या खाण्याचं पाकीट फोडून ठेवा. सोबत तुमचा न धुतलेला टी-शर्ट आणि त्याची झोपायची चादर ठेवा. त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली माती बाहेर पसरायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो देणार नाही, कारण त्या वासाने परिसरातला दांडगा बोका येऊन बसला, तर तुमचं मांजर दाराकडे फिरकायचंच नाही. शक्य असेल तर घराचं दार रात्री फटीएवढं उघडं ठेवा आणि कुणीतरी आत जागं राहा.

बाहेर हिंडणारं मांजर, नसबंदी न केलेला बोका, आणि नवं घर

आतापर्यंतचं सगळं मुख्यतः घरकोंबड्या मांजरांबद्दल होतं. रोज हिंडून वेळेवर जेवायला येणारं मांजर जेव्हा येत नाही, तेव्हा विचार वेगळा करायला हवा. त्याला परिसर पाठ असतो, ते वाट चुकत नाही. ते आलं नाही म्हणजे त्याला कशाने तरी अडवलं आहे. कुठेतरी कोंडलं गेलं, मारामारीत किंवा गाडीखाली जखमी झालं, कुत्र्यांच्या भीतीने झाडावर चढलं, किंवा कुणी उचलून नेलं. त्याच्या रोजच्या फेरीतल्या शेडी, गाळे, गॅरेज आणि पडकी घरं बघा. कोकणात आणि गोव्यात गोठा, पेंढ्याची उडवी, कौलांखालचा माळा आणि मुख्य म्हणजे कठडा नसलेल्या विहिरी बघाव्यात. विहिरीत पडलेलं मांजर कपारीला धरून बराच वेळ तग धरू शकतं. दोराला टोपली किंवा फळी बांधून खाली सोडली तर ते बहुधा तिच्यावर चढतं.

नसबंदी न केलेला बोका माजावरच्या भाटीच्या मागे घर सोडून दोन-चार दिवस फिरतो आणि ओरबाडलेल्या कानाने परततो. त्याचा शोध मोठ्या वर्तुळात घ्यावा लागतो. परत आल्यावर मात्र त्याची नसबंदी करून घ्या. हिंडणं आणि मारामाऱ्या दोन्ही त्याने बरेच कमी होतात.

घर बदलल्यानंतर हरवलेलं मांजर जुन्या घराकडे निघण्याची शक्यता असते. अंतर फार नसेल तर जुन्या इमारतीच्या वॉचमनकडे आणि नव्या राहणाऱ्यांकडे फोटो व नंबर देऊन ठेवा. प्रवासात, एखाद्या घाटातल्या हॉटेलाशी किंवा पेट्रोल पंपावर पिंजऱ्यातून निसटलेलं मांजर हा सगळ्यांत अवघड प्रसंग. पण तिथेही नियम तोच. ते घराकडे चालत सुटत नाही, त्या पंपाच्या आसपासच लपतं. तिथल्या माणसांना भेटून रोज रात्री एकाच जागी खाणं ठेवायची व्यवस्था करा आणि परत परत तिथे जा. अमेरिकेतल्या कॅट अल्ब्रेक्ट पोलीस खात्यात माग काढणारी कुत्री हाताळायच्या, पुढे त्यांनी आयुष्य हरवलेले पाळीव प्राणी शोधण्याला वाहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की परक्या ठिकाणी दडलेली मांजरं पुष्कळदा दहा-बारा दिवसांच्या सुमारास, भूक-तहान भीतीवर मात करते तेव्हा, आडोशाबाहेर येतात किंवा पहिल्यांदा ओ देतात. बहुतेक माणसं शोध सोडतात ती याच्या आधी.

पोस्टर असं करा

व्हॉट्सॲपवरचा फोटो दोन तासांत शंभर संदेशांखाली जातो. किराणा दुकानाच्या दारावरचा कागद पंधरा दिवस दिसत राहतो. पोस्टरवर फोटो मोठा हवा, पूर्ण अंगाचा, शेपटीसकट. लाडात काढलेला नुसत्या चेहऱ्याचा क्लोजअप लांबून बघणाऱ्याला काही सांगत नाही. वर्णन लोकांच्या तोंडच्या शब्दांत लिहा. ‘पिवळा बोका, पोट पांढरं, शेपटीचं टोक वाकडं’ हे भाजीवाल्यापासून सगळ्यांना कळतं. जातीचं इंग्रजी नाव कुणालाच कळत नाही. मराठी आणि हिंदी दोन्हींत लिहा. फोन नंबर मोठ्या अक्षरांत द्या. घराचा पत्ता देऊ नका, इमारतीच्या परिसराचं नाव पुरे.

एखादी खूण मात्र मुद्दाम लिहायची नाही. पंजाखालचा काळा ठिपका, तुटलेला सुळा, असं काहीतरी. ‘तुमचं मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ म्हणणारे फोन येतातच, आणि रडकुंडीला आलेला माणूस पाठवून मोकळाही होतो. त्या खुणेबद्दल विचारा, व्हिडिओ कॉलवर मांजर दाखवायला सांगा. मांजर हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका आणि कुणी पाठवलेल्या लिंकला हात लावू नका. बक्षीस जाहीर करायचं तर आकडा न लिहिता ‘योग्य बक्षीस’ एवढंच लिहा.

पोस्टर आसपासच्या सगळ्या पशुवैद्यकांकडे आणि प्राण्यांच्या दुकानांत द्या. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात चौकशी करा, इतर शहरांत जखमी प्राणी उचलणाऱ्या संस्थांना फोन करा. तुमच्या भागात भटक्या मांजरांच्या नसबंदीची मोहीम चालू आहे का, हेही विचारा. पट्टा नसलेलं मांजर भटकं समजून उचललं गेलेलं असू शकतं. नसबंदी झालेल्या भटक्या मांजराच्या कानाचं टोक किंचित कापलेलं असतं. कुणी फोनवर ‘तुमच्यासारखंच आहे’ म्हणालं, की कानाबद्दल आधी विचारा, पुष्कळ हेलपाटे वाचतात.

काही ठिकाणी सोसायटीतली माणसंच मांजरांना पोत्यात घालून लांब सोडून येतात. अशी शंका आली तर भांडण पुढे ढकला, आधी कुठे सोडलं ते काढून घ्या. ते कळलं, तर मांजर तिथेच आसपास सापडण्याची आशा असते, आणि चिडलेला माणूस ते सांगत नाही. मात्र मांजराला मारलं, विष घातलं किंवा जायबंदी केलं असेल तर पोलिसांत जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार तो गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दिसलं, आता हातात कसं घ्यायचं

इथे घाई केली तर सगळं पाण्यात जातं. मांजर दिसल्याबरोबर खाली बसा, अंग थोडं तिरपं ठेवा, टक लावून बघू नका. डोळे सावकाश मिटून उघडा. हळू आवाजात नेहमीचं बोलत राहा आणि खाणं तुमच्या व त्याच्या मध्ये ठेवा. अर्धा तास लागला तर लागू द्या. जवळ आल्यावरही एका हाताने झडप घालू नका. जाड टॉवेल अंगावरून टाकून चारही पायांसकट गुंडाळा आणि थेट दार लागणाऱ्या पिंजऱ्यात घाला. कडेवर घेऊन रस्ता ओलांडू नका. एक हॉर्न वाजला की ते परत निसटेल.

तुमचं अत्यंत गरीब मांजरही या अवस्थेत चावू शकतं. चावा किंवा ओरखडा बसला तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम किरकोळ दिसते. हात सुजायची वाट पाहू नका.

रोज दिसतं पण जवळ येऊ देत नाही, असं असेल तर खाण्यावर आपोआप दार पडणारा पिंजरा लावा. नसबंदीचं काम करणाऱ्या संस्थांकडे तो असतो आणि लावायचा कसा हेही त्या दाखवतात. पिंजरा लावून घरी झोपू नका, तासातासाने बघा. मांजर अडकलं की त्यावर चादर टाका, अंधारात ते शांत होतं. दुसरंच मांजर अडकलं तर त्याला तिथेच सोडा. पिंजरा उपलब्ध नसेल तर जुना फोन कॅमेरा म्हणून खाण्याच्या जागेवर रोखून ठेवा. निदान रोज किती वाजता येतं ते कळेल, आणि त्या वेळी तुम्ही तिथे असाल.

घरी आल्यावर

उपाशी राहिलेल्या मांजरापुढे भरलेली वाटी ठेवू नका. पाणी द्या, आणि खाणं थोडं थोडं, दर काही तासांनी. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. त्यामुळे ते खायला नाही म्हणत असेल, पिवळं दिसत असेल किंवा पडून राहत असेल तर डॉक्टरांकडे जायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. हिरड्यांतून रक्त येत असेल तर उंदराच्या विषाची शंका डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाकी काही दिसत नसलं तरी एकदा पूर्ण तपासणी करून घ्या, पिसवा-गोचिडांसह.

घरात दुसरं मांजर असेल तर ते बहुतेक परतलेल्यावर गुरगुरतं. त्याच्या अंगाला परका वास लागलेला असतो, म्हणून ते ओळख देत नाही. रागावू नका. दोन-चार दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, चादरींची अदलाबदल करा, मग दार किलकिलं करा. बाहेरून आजार आणला असण्याच्या दृष्टीनेही हे वेगळं ठेवणं बरं. लशी चुकल्या असतील तर डॉक्टरांना विचारून पूर्ण करा.

याच भेटीत मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू कातडीखाली बसते आणि तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. ती जागा सांगत नाही. कुणी मांजर दवाखान्यात नेलं आणि तिथे ते तपासायचं यंत्र असलं, तरच तिचा उपयोग. म्हणून सोबत पट्टाही हवा, ज्यावर फोन नंबर आहे आणि जो फांदीत अडकला तर ताण येताच सुटतो. बाल्कनीला जाळी लावा. घरातल्या मदतनीस ताईंना आणि सिलिंडर घेऊन येणाऱ्या दादांना दार लगेच ओढून घ्यायची सवय लावा, कारण मांजर निसटतं ते बहुधा याच अर्ध्या मिनिटात.

आणि पोस्टरं त्याच दिवशी काढा. ज्या ज्या माणसाने शोधायला मदत केली त्या प्रत्येकाला, वॉचमनपासून पेपरवाल्या मुलापर्यंत, मांजर सापडलं आणि कुठे सापडलं हे स्वतः जाऊन सांगा. पुढच्या महिन्यात शेजारच्या विंगमधलं मांजर नाहीसं झालं, तर डक्टचं ते दार आधी उघडायचं हे त्यांना ठाऊक असेल.